जुन्या ब्रिटिश लष्करी पिस्तुलांवरचे शिक्के आणि नंबर कसे वाचायचे

तुम्ही दोन हत्यारांचे फोटो पाठवलेत आणि दोन्हींची घरात चालत आलेली हकिगत सांगितलीत. पहिलं चकमकीचं, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार उडवणारं पिस्तूल, वाड्याच्या भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या टांगलेलं. १८१७ च्या खडकीच्या लढाईत ते पूर्वजांच्या हाती लागलं, असं सांगतात. दुसरं वेब्ली रिव्हॉल्व्हर, मराठा पलटणीत सुभेदार असलेल्या पणजोबांचं. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुटच्या वेढ्यात ते त्यांच्या कमरेला होतं, अशी आठवण. तुमचे प्रश्न तीन आहेत: ‘टॉवर’ कोरलंय म्हणजे पिस्तूल लंडनच्या टॉवरमध्ये बनलं का, नंबरावरून साल आणि मालक कळेल का, आणि रिव्हॉल्व्हरच्या फ्रेमवर (सांगाड्यावर) एक नंबर तर सिलेंडरवर (काडतुसांची घरं असलेल्या फिरत्या भागावर) दुसराच, असं का?

संग्रहालयांसाठी आणि खासगी संग्रहांसाठी जुन्या शस्त्रांच्या नोंदी करण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. हातात घेतल्याबरोबर बहुतेक लोक नंबर शोधतात. माझा आग्रह उलटा असतो, नंबर सगळ्यात शेवटी पाहावा. ब्रिटिश लष्करी पिस्तुलावर शिक्के एकावर एक चढत गेलेले असतात. आधी कारागिराची खूण, मग नळीच्या चाचणीची, मग तपासनिसाची, मग सरकारी मालकीची, मग पलटणीची आणि शेवटी सरकारने विकून टाकल्याची. प्रत्येक शिक्का वेगळ्या माणसाने, वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी मारला. हा क्रम लागला की हत्याराचं आयुष्य समोर येतं आणि घरातली गोष्ट त्यात बसते की नाही तेही समजतं.

त्याआधी एक काम करा. चकमकीचं पिस्तूल रिकामं आहे हे गृहीत धरू नका. तोंडातून भरायची हत्यारं बार भरलेल्या अवस्थेतच भिंतीवर चढवलेली मी पाहिली आहेत, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेट घेते. एक लाकडी काठी तोंडातून अलगद तळापर्यंत घाला, तोंडापाशी खूण करा, काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावा. काठी रंजकाच्या (ठिणगीने आधी पेटणाऱ्या चिमूटभर दारूच्या) छिद्राच्या जवळपास पोहोचत असेल तर नळी रिकामी. इंच-दीड इंच अलीकडेच अडत असेल तर आत काहीतरी आहे, आणि ते काढणं जाणकाराचंच काम. रिव्हॉल्व्हर परवानाधारक दुकानदाराकडे जमा आहे असं तुम्ही लिहिलंय, ते उत्तम. तिथे त्याच्याच हातून उघडून घ्या. डाव्या बाजूचा अंगठ्याचा खटका दाबला की नळी पुढे झुकते.

आता चकमकीचं पिस्तूल. चापाच्या यंत्रणेची जी लोखंडी पट्टी उजव्या बाजूला असते, तिच्या शेपटाकडे ‘टॉवर’ आणि पुढे मुकुटाखाली ‘जी आर’ ही अक्षरं आहेत. रंजकाच्या कानाखाली मुकुट आणि बाणाचं फाळ आहे. हे बाणाचं फाळ म्हणजे ब्रिटिश सरकारच्या मालकीची खूण. तोफेपासून तंबूच्या खुंटीपर्यंत सरकारी मालावर ती मारत. टॉवर ही मात्र एका कारखान्याची खूण नाही. नळ्या, चाप, पितळी सामान हे बर्मिंगहॅम आणि लंडनच्या वेगवेगळ्या कंत्राटदारांकडून येई. बोर्ड ऑफ ऑर्डनन्सचे (लष्कराला शस्त्रं पुरवणाऱ्या सरकारी खात्याचे) तपासनीस ते पारखून घेत, सुटे भाग टॉवरच्या कोठारात साठत आणि तिथून जोडणीला जात. म्हणजे ‘टॉवर’ हा शब्द हत्यार सरकारी तपासणीतून गेलं एवढंच सांगतो.

साल सांगायला इथे १७६४ ही रेघ उपयोगी पडते. त्याआधी पट्टीच्या शेपटाकडे कंत्राटदाराचं नाव आणि वर्ष कोरलेलं असे. १७६४ मध्ये बोर्डाने ही पद्धत बंद केली आणि नाव-वर्षाच्या जागी नुसतं ‘टॉवर’ किंवा आयर्लंडच्या मालावर ‘डब्लिन कॅसल’ येऊ लागलं. तुमच्या पट्टीवर वर्ष नाही, त्यामुळे ती १७६४ नंतरची. ‘जी आर’ म्हणजे जॉर्ज राजा, पण चार जॉर्ज ओळीने होऊन गेले, त्यामुळे या दोन अक्षरांवरून एवढंच कळतं की १८३० च्या आतलं. १८३० ते १८३७ विल्यमचं ‘डब्ल्यू आर’ येतं आणि १८३७ पासून व्हिक्टोरियाचं ‘व्ही आर’.

मग या सहासष्ट वर्षांत नेमकं कुठे? इथे शिक्क्यांपेक्षा घडण जास्त बोलते. तुमच्या फोटोत बार ठासायचा लोखंडी गज नळीच्या तोंडाशी बिजागरीने अडकवलेला आहे. तो फिरवून नळीत घालता येतो, पण हातातून निसटून पडत नाही. घोड्यावर बसून बार भरणाऱ्या स्वाराला याचा फार मोठा आधार. नळी सुमारे नऊ इंच, चापाची पट्टी सपाट. हा ‘न्यू लँड पॅटर्न’ नावाचा नमुना, घोडदळासाठी अठराव्या शतकाच्या अगदी अखेरीस आला आणि नेपोलियनच्या लढायांच्या काळात भरपूर बनला. त्याआधीच्या हलक्या घोडदळाच्या पिस्तुलात गज लाकडाचा आणि सुटा असे. आरमाराचं पिस्तूल याहून लांब, बारा इंची नळीचं, आणि डाव्या बाजूला पट्ट्यात खोचायला लांबलचक लोखंडी आकडा. तुमचं त्यातलं नाही.

खडकीच्या गोष्टीकडे येते. ५ नोव्हेंबर १८१७ ला पेशव्यांच्या फौजेसमोर उभे होते ते ईस्ट इंडिया कंपनीचे सैनिक, आणि कंपनीच्या हत्यारांवर कंपनीचीच खूण असायची. १८०८ पर्यंत ती बदामाच्या आकाराची, आत तिरप्या रेघांनी चार भाग केलेले, त्यांत ‘व्ही ई आय सी’ ही अक्षरं आणि वर इंग्रजी चारच्या आकड्यासारखं चिन्ह. १८०८ नंतर तिची जागा मागच्या पायांवर उभ्या, पुढच्या पंजांत मुकुट धरलेल्या सिंहाने घेतली. तुमच्या पिस्तुलावर यातलं काहीच नाही. मुकुट, ‘जी आर’, बाण आणि टॉवर हे राजाच्या सैन्याचं लक्षण. राजाची घोडदळं आणि पायदळं त्या काळी हिंदुस्थानात होतीच, १८१७-१८ च्या मोहिमेतही होती, त्यामुळे पिस्तूल त्या धामधुमीत इकडच्या माणसाच्या हाती लागणं सहज शक्य आहे. खडकीच्याच मैदानावर लागलं, याला मात्र पिस्तुलावर पुरावा नाही. काळ जुळतो, बाजू नेमकी जुळत नाही. मी नोंद करताना ‘इंग्रज-मराठे अखेरच्या युद्धाच्या काळाशी सुसंगत, कौटुंबिक आठवण खडकीची’ असं लिहीन. आठवण खोडू नये, तिच्याशेजारी पुरावा लिहावा.

पुढची पायरी नळीची. बुडापाशी, डाव्या अंगाला, दोन छोटे ठसे शोधा. सरकारी चाचणी झालेल्या नळीवर एकात मुकुटाखाली ‘जी आर’ आणि बाण, दुसऱ्यात मुकुटाखाली तिरपे आडवे राजदंड असतात. जास्तीची दारू भरून नळी उडवून बघत आणि ती टिकली तर हे ठसे मिळत. तिथे मुकुटाखाली ‘जी पी’ आणि मुकुटाखाली ‘व्ही’ सापडलं तर ती लंडनच्या गनमेकर्स कंपनीची चाचणी, म्हणजे बहुधा खासगी किंवा कंपनी सरकारचा माल. राजदंडांच्या फुल्यांत ‘बी’, ‘पी’, ‘सी’ ही अक्षरं सापडली तर बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस, म्हणजे नळ्यांची चाचणी करणारी संस्था, जे १८१३ च्या कायद्याने सुरू झालं. चापाची पट्टी सरकारी आणि नळी खासगी, अशी जोडी दिसली तर दोन हत्यारांचं एक झालंय असं समजा.

या पिस्तुलावर अनुक्रमांक सापडणार नाही आणि त्याने निराश होऊ नका. त्या काळी लष्करी पिस्तुलांना कारखान्याचा नंबर नसेच. पितळी पट्टीवर किंवा मुठीच्या टोपीवर अक्षर आणि आकडा असेल तर तो पलटणीच्या तुकडीचा आणि हत्यारं ठेवायच्या मांडणीतल्या जागेचा. आतल्या भागांवर, स्क्रूंच्या डोक्यांवर कानशीने पाडलेल्या बारीक खाचा दिसतील. भाग हाताने घासून एकमेकांत बसवलेले असत, एका पिस्तुलाचा स्क्रू दुसऱ्यात बसत नसे, म्हणून कारागीर सगळ्या भागांवर सारख्या खाचा पाडून संच एकत्र ठेवी. खाचा जुळल्या तर ‘जुळणारे नंबर’ मिळाल्याइतकीच ती मोलाची गोष्ट आहे. पण त्या बघायला हत्यार स्वतः खोलू नका. जुन्या स्क्रूची खाच आजच्या पेचकसाने हमखास फाटते.

मधला काळ पटकन सांगते, कारण कुणाकडे तसलं पिस्तूल असलं तर उपयोगी पडेल. चकमकीऐवजी छोट्या स्फोटक टोपीवर उडणाऱ्या पिस्तुलांवर पुन्हा वर्ष दिसू लागतं, ‘टॉवर’ किंवा ‘एनफिल्ड’ (सरकारी शस्त्र कारखाना) सोबत. बोर्ड ऑफ ऑर्डनन्स १८५५ मध्ये मोडीत निघालं. त्यामुळे बाणाशेजारी ‘बी ओ’ असेल तर त्याआधीची मालकी आणि ‘डब्ल्यू डी’ असेल तर त्यानंतरची, वॉर डिपार्टमेंटची. कोल्टने लंडनच्या पिम्लिकोत १८५३ ते १८५६ कारखाना चालवला, तिथल्या नळीवर ‘कर्नल कोल्ट लंडन’ असा पत्ता येतो, आणि सरकारने घेतलेल्यांवर बाण. बोमाँट-अ‍ॅडम्स रिव्हॉल्व्हर १८५६ मध्ये लष्करात आलं. त्यावर ‘एल ए सी’ दिसलं तर ते लंडन आर्मरी कंपनीचं. कारखान्याचे खरे अनुक्रमांक या रिव्हॉल्व्हरांपासून नियमाने भेटतात.

आता तुमचं वेब्ली. इथे मला जास्त वेळ घ्यायचा आहे, कारण महाराष्ट्रातल्या लष्करी घरांत हेच सगळ्यात जास्त भेटतं.

वेब्लीचं ०.४५५ बोअरचं रिव्हॉल्व्हर मार्क एक (मार्क म्हणजे नमुन्याची आवृत्ती) म्हणून १८८७ मध्ये सैन्यात आलं आणि १९१५ च्या मार्क सहापर्यंत पोहोचलं. मार्कचा रोमन आकडा नळीच्या वरच्या पट्टीवर डाव्या बाजूला कोरलेला असतो. आकड्यापुढे तारका असेल तर कारखान्यात किंवा शस्त्रशाळेत छोटी सुधारणा झाली असं समजा. मार्क पाचपर्यंत मूठ पोपटाच्या चोचीसारखी वळलेली, मार्क सहाची चौकोनी तळाची आणि नळी सहा इंची. तुमचं निःसंशय मार्क सहा. आणि फ्रेमवर डाव्या बाजूला, पेटंटच्या ओळीखाली, १९१७ हे वर्ष स्पष्ट दिसतंय.

कुटचा वेढा डिसेंबर १९१५ मध्ये सुरू झाला आणि २९ एप्रिल १९१६ ला संपला. सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्यात होत्या. पणजोबा तिथे होते याबद्दल माझी शंका नाही, पलटणीच्या नोंदींवरून ते पडताळता येईल. पण हे रिव्हॉल्व्हर तिथे नव्हतं, ते तेव्हा बनलंच नव्हतं. शिवाय कुटला जे शरण गेले त्यांच्या हातात शस्त्र राहण्याचा प्रश्नच नव्हता. घरातल्या आठवणीत दोन गोष्टी एकत्र आल्या असाव्यात: पणजोबांचं कुट आणि पुढच्या काळात त्यांच्याकडे आलेलं रिव्हॉल्व्हर. यात आठवण सांगणाऱ्या कुणाचा खोटेपणा नाही, पिढ्या बदलताना असं होतंच. त्या वेढ्यातून माणूस परत आला, ही आठवण शस्त्रापेक्षा कितीतरी मोठी आहे.

रिव्हॉल्व्हरचे बाकीचे शिक्के त्याची स्वतःची हकिगत सांगतात. सिलेंडरच्या प्रत्येक घराजवळ फुलीसारखे दोन झेंडे, वर राजाची अक्षरं, खाली ‘पी’: ही लष्करी चाचणी. मुकुटाखाली आकडा आणि अक्षर: हे तपासनिसांचे वैयक्तिक ठसे, प्रत्येक तपासनिसाला स्वतःचा आकडा असे, अक्षर ठिकाणाचं, जसं ‘ई’ एनफिल्डचं. फ्रेमवर इंग्रजी ‘आय’ अक्षर आणि त्याला जोडून बाण आहे, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ही हिंदुस्थान सरकारच्या मालकीची खूण. ऑस्ट्रेलियाची बाणाच्या दोन बाजूंना ‘डी’ ‘डी’, कॅनडाची ‘सी’ अक्षराच्या पोटात बाण, दक्षिण आफ्रिकेची ‘यू’ आणि बाण. म्हणजे तुमचं रिव्हॉल्व्हर हिंदुस्थानच्या सरकारी साठ्यात जमा झालेलं होतं.

हे एवढ्यासाठी सांगते की गोऱ्या अधिकाऱ्यांची पिस्तुलं बऱ्याचदा वेगळी असत. अधिकारी स्वतःच्या पैशाने पिस्तूल विकत घेत, म्हणून त्यांवर बाण नसतो, बर्मिंगहॅमची नागरी चाचणी असते. १९०४ नंतर ती मुकुटाखाली ‘बी पी’, ‘बी व्ही’ आणि ‘एन पी’ अशी. वरच्या पट्टीवर विकणाऱ्या दुकानाचं नाव सापडतं. ‘आर्मी अँड नेव्ही’ सोसायटीचं नाव त्यात वारंवार येतं. मुंबईत काळा घोड्याजवळ जी आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आहे ती त्यांचीच. अशा रिव्हॉल्व्हरवर ‘सरकारी शिक्का नाही म्हणजे नकली’ असा निष्कर्ष काढू नये.

तुमच्या फ्रेमवर आणखी एक बारीक खूण आहे, फोटो मोठा करून पाहा: दोन बाण, टोकाला टोक भिडलेले. सरकारने हत्यार सेवेतून काढून विकलं की हा ठसा मारत. तो असणं कुटुंबासाठी चांगलं, कारण हत्यार सरकारी कोठारातून चोरीला गेलेलं नाही, रीतसर बाहेर पडलं आहे. नोकरी संपवलेल्या सुभेदाराने ते विकत घेतलं असेल, हा अंदाज या खुणेशी बरोबर जुळतो.

आता नंबर. वेब्लीचा अनुक्रमांक फ्रेमवर असतो आणि सिलेंडरवर पुन्हा मारलेला असतो. मार्क सहाचे अंक सहा आकडी होतात. त्या नंबरावरून साधारण काळ काढता येतो, पण फ्रेमवर वर्षच कोरलेलं असताना त्याची गरज काय? आणि मालकाचं नाव नंबरावरून हाती लागणं फार विरळा. नावापर्यंत पोहोचवतो तो मुठीच्या मागच्या पट्टीवरचा ठसा: पलटणीची आद्याक्षरं आणि त्याखाली छोटा आकडा. हा आकडा म्हणजे पलटणीच्या यादीतला हत्याराचा क्रम. तुमच्या फोटोत तिथे काहीतरी आहे, पण उजेड सरळ पडल्यामुळे वाचता येत नाही.

सिलेंडरचा नंबर वेगळा असण्याची बहुतेक वेळा साधी कारणं असतात. शस्त्रशाळेत दुरुस्तीच्या वेळी पेटीभर रिव्हॉल्व्हर उघडली जात, सिलेंडर बदलले जात. काळजी घेणारा कारागीर जुन्या नंबरावर रेघ मारून नवा मारी, घाईतला तसाच बसवी. तुमच्या सिलेंडरवर रेघ नाही, पण त्यावरही तेच झेंडे आणि तसेच तपासणीचे ठसे आहेत, म्हणजे तो अस्सल लष्करी भाग आहे. मी त्याला खोट म्हणणार नाही. खोट असते ती दुसरी: सिलेंडरची मागची कड तासलेली असणं. अमेरिकेत गेलेली पुष्कळ वेब्ली तिथल्या ०.४५ च्या पिस्तुली काडतुसासाठी अशी तासली गेली, आणि ते काडतूस या रिव्हॉल्व्हरच्या ताकदीबाहेरचं आहे. कड तासताना तिथला ठसा अर्धवट कापला जातो, त्यावरून ओळख पटते.

नकली मालाबद्दल दोन शब्द. मुंबईच्या चोरबाजारात आणि राजस्थानच्या पर्यटनस्थळांवर ‘टॉवर’ आणि ‘जी आर’ लिहिलेली चकमकीची पिस्तुलं ढिगाने मिळतात, शोभेची. खैबरच्या बाजूला दर्रा आदमखेलमध्ये बनलेली वेब्ली आणखी हुशारीने बनवलेली असतात. ओळखायला भिंग पुरे. खरा ठसा पोलादी छापाने ठोकलेला असतो, त्यामुळे अक्षराचा तळ स्वच्छ, कडा धारदार, आणि बाजूची धातू किंचित वर उचललेली. ओतीव नकलेत अक्षरांचे कोपरे विरघळल्यासारखे गोल. खैबरी मालात इंग्रजी ‘एन’ उलटा, एनफिल्डचं स्पेलिंग चुकलेलं, किंवा ‘व्ही आर’ खाली १९०१ नंतरचं साल. राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली, तिची अक्षरं पुढच्या सालावर यायचं कारण नाही. तुमच्या दोन्ही हत्यारांचे ठसे मला खरे वाटतात, चकमकीच्या पिस्तुलाबद्दल पूर्ण खात्री नळीचे ठसे पाहिल्यावर देईन.

एक कळकळीची विनंती: काहीही घासू नका. ब्रासो, पॉलिश पेपर, लिंबू, गंज काढायचं आम्ल, काही नको. झिजलेल्या ठशाचा उरलेला पाव मिलिमीटर एका रविवारच्या हौसेत कायमचा जातो, आणि त्यासोबत वर सांगितलेलं सगळं. मऊ सुती कापडावर मशीनच्या तेलाचे दोन थेंब, बास. अक्षरं वाचायला खोलीत अंधार करा, टॉर्च जवळजवळ पृष्ठभागाला चिकटवून बाजूने धरा, आणि टॉर्च फिरवत चार दिशांनी फोटो घ्या. तरीही न वाचता आलं तर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने हलके घासा.

नंबर किंवा शिक्का नव्याने ‘उठावदार’ करून देतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ८ नुसार ओळखीची खूण खोडणं, बदलणं हा गुन्हा आहे, आणि तशी खूण बदललेलं हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती बदलली असं कायदा धरून चालतो, उलट सिद्ध करायची जबाबदारी त्याची. याच कायद्याच्या कलम ४५ मधली सवलत जुन्या घडणीच्या किंवा पुरातन मोलाच्या अशा हत्याराला आहे, जे दुरुस्त करूनही उडवता येणार नाही. तुमचं वेब्ली चालू स्थितीत आहे, त्याला ही सवलत लागू होत नाही, ते कितीही जुनं असो. वारस म्हणून परवान्याचा अर्ज मंजूर होईपर्यंत ते दुकानदाराकडेच राहू द्या. चकमकीच्या पिस्तुलाबद्दलही जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी घ्या, तोंडी आश्वासनावर राहू नका. घरात जुनी काडतुसं निघाली आणि त्यांच्या बुडावर ‘के’, ‘एफ’ आणि बाण दिसला तर ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. ती हाताळू नका, त्याच दुकानदाराला किंवा पोलीस ठाण्याला कळवा.

आता मला तीन फोटो हवे आहेत, बाजूच्या उजेडात: पिस्तुलाच्या नळीच्या बुडाची डावी बाजू, मुठीच्या पितळी टोपीचा तळ, आणि वेब्लीच्या मुठीची मागची पट्टी. शेवटचा फोटो आधी पाठवा. त्यावर पलटणीची अक्षरं नीट निघाली तर पणजोबांच्या नोकरीच्या कागदांशी ती ताडून पाहता येतील. त्यांचं पेन्शनचं बुक किंवा डिस्चार्जचा दाखला घरात असेल तर तोही शोधून ठेवा.